ऐंशी चौरस इंचांचा हिशेब

२०२३ च्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी पुण्यात आर्किटेक्ट आहे. म्हणाली, "मामा, तू बँकेत असताना लोकांची कर्जप्रकरणं तपासायचास ना? आता माझं एक प्रकरण तपासून दे."

प्रकरण असं होतं. वाईचा आमचा वाडा विकला गेला होता. सगळ्या चुलत भावंडांच्या सह्या झाल्या होत्या आणि दिवाळीनंतर वाडा पाडायला घेणार होते. वाड्यात शेवटपर्यंत राहिलेली माझी काकू, वय वर्षं ऐंशी, तिच्या मुलाकडे साताऱ्याला जाणार होती. त्याआधी भाचीला वाड्याचे आणि काकूचे फोटो काढायचे होते, आणि तेही फिल्मवर. "मोबाइलवर काढ की," मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "माझ्या मोबाइलमध्ये अकरा हजार फोटो आहेत, मामा. त्यातला एकही मी दुसऱ्यांदा बघितलेला नाही."

तिनं थोडे पैसे बाजूला टाकले होते. त्यात एकच काहीतरी बसत होतं. एक तर १२० नंबरचा रोल घालायचा, दोन भिंगांचा जुना यशिका कॅमेरा. म्हणजे मीडियम फॉरमॅट. नाही तर चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर फोटो काढणारा, भात्याचा लाकडी कॅमेरा. म्हणजे लार्ज फॉरमॅट. "दोन्ही परवडत नाहीत. कोणता घेऊ ते तू सांग."

मी फोटोग्राफर नाही. पण हा प्रश्न मला अगदीच परका नव्हता. त्याचं कारण माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिथं माझ्या आईचे दोन फोटो आहेत. आई १९६७ साली गेली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि बहीण चारची. आईचे फोटो एवढे दोनच. त्यातला एक मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला आहे आणि एक मधल्या. साठ वर्षं होत आली, पण यातला अधिक खरा कोणता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन्ही कॅमेरे आपल्या घरातलेच

मीडियम आणि लार्ज फॉरमॅट ही नावं ऐकून पुष्कळांना वाटेल की, हे काहीतरी श्रीमंतांचं परदेशी खूळ आहे. तसं ते नाही. घरातला जुना अल्बम काढून बघा. काळ्या जाड पानांवर, कोपऱ्यांत अडकवलेले लहान चौकोनी फोटो दिसतील. लांबी-रुंदी सारखी, साधारण सव्वादोन इंच. ते बहुतेक अॅग्फा क्लिक थ्रीचे. बडोद्याला तयार होणारा हा काळा प्लॅस्टिकचा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घरांत दिवाणखान्यातल्या रेडिओइतक्याच मानानं ठेवला जाई. एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारा संपवायला गणपती ते संक्रांत एवढा काळ लागायचा. त्यात घालायचा तो १२० चाच रोल. कोडॅकनं हा आकार १९०१ साली बाजारात आणला आणि एवढ्या उलथापालथीनंतरही तो अजून मिळतो. एक काळ असा होता की, हा रोल आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्येही तयार होई आणि 'इंदू' नावानं विकला जाई. तो कारखाना पुढे बंद पडला. सांगायचं एवढंच की, आपण मीडियम फॉरमॅटमध्येच वाढलो. फक्त त्याला तसं म्हणत नव्हतो.

लार्ज फॉरमॅट आपल्या परिचयाचा आहे तो गावातल्या स्टुडिओमुळे. तिकाटण्यावर उभा केलेला लाकडी खोका, काळा भाता, काळं कापड आणि त्या कापडात डोकं खुपसून बराच वेळ दिसेनासा होणारा फोटोवाला. लग्नाचा, मुंजीचा ग्रुप फोटो 'हाफ प्लेट' नाही तर 'फुल प्लेट' असायचा. हे शब्द आपण फोटोचं माप म्हणून वापरायचो, पण मुळात ती काचेच्या निगेटिव्हची मापं. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच आणि हाफ प्लेट त्याच्या साधारण निम्मी. पुढे काच जाऊन तिच्या जागी शीट फिल्म आली, तरी नावं राहिली. हे खोके सगळे विलायती असत असंही नाही. केरळात अलेप्पीला के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात 'वागीश्वरी' नावाचा कॅमेरा बनवायला घेतला आणि तो देशभरच्या स्टुडिओंतून पोहोचला.

त्याच्याही मागे जायचं तर मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर. इंदूर, हैदराबाद आणि मुंबई गाजवणारे राजा दीनदयाळ आयुष्यभर काचेच्या प्लेटांवर काम करत राहिले. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला स्टुडिओ चालवत होते. या सगळ्यांच्या पुढे निवडीचा प्रश्न नव्हता. मोठा कॅमेरा हाच कॅमेरा होता.

पैसे तेवढेच, काढायचे किती वेळा?

भाचीच्या फोननंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुनी सवय. आणि मला एक मोठी गमतीची गोष्ट सापडली. फोटोग्राफर मंडळींना ती ठाऊक असेल, मला नव्हती.

आपल्या ओळखीच्या ३५ मिलिमीटरच्या, छत्तीस फोटोंच्या रोलची सगळी फिल्म उलगडून मोजली, तर ती सुमारे ८० चौरस इंच भरते. १२० चा रोल मोजला, तर तोही जवळपास ८० चौरस इंच. चार बाय पाचच्या चार शीट घेतल्या, तर ८० चौरस इंच. आणि आठ बाय दहाची एकच मोठी शीट घेतली, तरी ८० चौरस इंचच! म्हणजे भांडवल तेवढंच आहे. ते छत्तीस वेळा काढायचं, बारा वेळा काढायचं, चार वेळा काढायचं की एकाच वेळी सगळं लावून मोकळं व्हायचं, एवढाच प्रश्न.

मोठ्या निगेटिव्हचा फायदा काय? ३५ मिलिमीटरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. १२० च्या रोलवरची चौकोनी चौकट ५६ मिलिमीटरची. क्षेत्रफळात ती साडेतीन पटींहून मोठी. चार बाय पाच इंचाची शीट तेरा ते पंधरा पट मोठी. आता भिंतीवर लावायला सोळा इंच रुंदीचा फोटो करायचा म्हटला, तर छोटी चौकट सतरा पट फुगवावी लागते, मधली सात पट आणि मोठी फक्त चार पट. फिल्मवर चांदीचे कण असतात. जेवढी चौकट फुगवावी, तेवढे कणही फुगतात, आणि आभाळाच्या, गालाच्या, धुतलेल्या पातळाच्या मऊ छटा खरखरीत होतात. मोठ्या निगेटिव्हमध्ये त्या सायीसारख्या राहतात.

आमच्या घरचंच उदाहरण देतो. आईचा पहिला फोटो म्हणजे १९६४ च्या मे महिन्यात काकाच्या लग्नात काढलेला ग्रुप. वाड्याच्या चौकात बावीस माणसं, तीन रांगा. आई मधल्या रांगेत, बहिणीला कडेवर घेऊन उभी. फोटोत तिचा चेहरा हरभऱ्याएवढा. घरात लावलेली प्रत कधीच पिवळी पडली होती. पुढे तो स्टुडिओ बंद होताना मालकाच्या मुलानं मला बोलावून हाफ प्लेटची मूळ निगेटिव्ह दिली. पुण्याला एका जाणकाराकडून मी फक्त आईच्या चेहऱ्यापुरता भाग मोठा करून घेतला. हरभऱ्याचा तळहात झाला, तरी चेहरा फुटला नाही. कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येत होते. कुंकू मधोमध नव्हतं, जरासं उजवीकडे सरकलं होतं. पदराला खांद्यापाशी रफू केलेलं होतं. दिराच्या लग्नात आई रफू केलेलं लुगडं नेसली होती, हे मला सदतीस वर्षांनी, २००१ साली कळलं. त्या दिवशी मी बँकेत गेलो नाही.

मात्र त्या फोटोत आई हसत नाही. फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटलंय आणि ती हललेली नाही, एवढंच. बहीण वर्षाची होती, ती हलली. तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट पुंजका आहे.

दुसरा फोटो क्लिक थ्रीचा. काकानंच काढलेला. परसदारच्या पायरीवर आई तांदूळ निवडतेय आणि कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून मान वर करून हसतेय. चौकट तिरकी आहे, सुपाची कड कापली गेलीय आणि आई हलल्यामुळे गाल, हनुवटी पुसट झालीय. मोठा करायला घेतला, तर काहीच हाती लागत नाही. पण ती माझी आई आहे. तशी हसताना मी तिला पाहिलंय.

मोठा कॅमेरा आणि मधला कॅमेरा यांतला फरक मला या दोन फोटोंनी जेवढा शिकवला, तेवढा कोणत्याही पुस्तकानं शिकवला नाही.

उलटं जग आणि सुलटं जग

मोठ्या कॅमेऱ्यात शटर, पडदा, आरसा असं आत काही नसतं. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मधे भाता. दुधी काचेवर चित्र उमटतं ते खाली डोकं वर पाय. पण हा भाता म्हणजे त्या कॅमेऱ्याची खरी दौलत. पुढची पट्टी वर सरकवता येते, वाकवता येते, वळवता येते. उंच इमारतीचा फोटो काढताना आपण साधा कॅमेरा वर करतो आणि भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. वाडा मागे पडतोय असं वाटतं. मोठ्या कॅमेऱ्यात कॅमेरा सरळ ठेवून फक्त भिंग वर सरकवायचं. भिंती ओळंब्यात उभ्या राहतात. भिंग जरासं पुढे वाकवलं, तर पायाशी पडलेल्या पानापासून दूरच्या डोंगरापर्यंतची जमीन एकाच वेळी स्पष्ट करता येते. ऑस्ट्रियाच्या लष्करातला कॅप्टन शाइम्प्फ्लुग यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गणित मांडलं, म्हणून त्याला आजही त्याच्या नावानं ओळखतात. वाड्याचा फोटो काढणाऱ्या आर्किटेक्टला याचा मोह पडला, तर नवल नाही.

पण मोह महाग असतो. कॅमेरा, तिकाटणं, भिंगं, फिल्म भरलेल्या स्लाइडी असा आठ-दहा किलोंचा संसार. एका स्लाइडीत दोनच शीट, पुढून एक, मागून एक. मोठ्या निगेटिव्हला मोठं भिंग लागतं. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला पन्नासचं भिंग जे काम करतं, त्याला १२० च्या चौकोनी चौकटीत ऐंशीचं आणि चार बाय पाचमध्ये दीडशेचं भिंग घ्यावं लागतं. जेवढं भिंग लांब, तेवढा पुढचा-मागचा भाग लवकर अस्पष्ट होतो. तो स्पष्ट करायला भिंगाचं तोंड बारीक करा. तोंड बारीक केलं की उजेड कमी, मग वेळ जास्त. त्यात मंद उजेडात फिल्म आळसावते. मीटर एक मिनिट सांगतो, तेव्हा कित्येक फिल्मना प्रत्यक्षात तीन मिनिटं द्यावी लागतात. आणि फिल्म धुणं? सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदासाठी. या फिल्मला तोही चालत नाही. रोल निदान बंद डब्यात घालून, दिवा लावून धुता येतो. सुट्या शीट मात्र मिट्ट काळोखात, ट्रेमध्ये, बोटांच्या अंदाजानं खालची वर, वरची खाली करत धुवाव्या लागतात. आजच्या भावात चार बाय पाचची एक कृष्णधवल शीट रोलवरच्या एका चौकटीच्या तिप्पट-चौपट पडते. मात्र फिल्म मिळणारच नाही, ही भीती आता उरलेली नाही. २०१२ साली कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सगळ्यांनी फिल्मच्या नावानं आंघोळ केली होती. पण कोडॅक आणि इंग्लंडमधली इलफर्ड या दोघांच्या फिल्म आजही दोन्ही आकारांत मिळतात.

दोन भिंगांचा कॅमेरा याच्या अगदी उलट स्वभावाचा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची रोलीफ्लेक्स १९२९ च्या सुमारास आली आणि पुढे जपानच्या यशिकानं तोच घाट स्वस्तात दिला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यानं फोटो काढायचा. वजन किलोभर. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. चित्र सुलटं दिसतं, फक्त डावं-उजवं बदललेलं. समोरच्या माणसावर आपण डोळे रोखत नाही, नमस्कार केल्यासारखे वाकतो. त्यामुळे माणसं बिथरत नाहीत.

मोठ्यांनी काय केलं?

भाचीला उत्तर देण्याआधी मी मोठमोठ्यांनी काय निवडलं ते बघत गेलो, तर तिथंही एकवाक्यता नाही.

अमेरिकेच्या अॅन्सेल अॅडम्सचा सर्वांत गाजलेला फोटो १९४१ च्या शरद ऋतूतला. न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र आणि स्मशानातले उजळलेले क्रूस. गाडीतून जाताना त्याला ते दिसलं. गाडी थांबवून त्यानं आठ बाय दहाचा कॅमेरा घाईघाईनं उभा केला. उजेड मोजायचा मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, त्यावरून त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला स्लाइड उलटी करतो, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं. एकच निगेटिव्ह. याच अॅडम्सनं १९६० साली योसेमिटीच्या हाफ डोम कड्यावरचा चंद्र टिपला, तो मात्र हॅसलब्लाडवर, म्हणजे १२० च्या रोलवर. चंद्र तोच, माणूसही तोच. अॅडम्सचं वय मात्र एकोणचाळीसचं अठ्ठावन्न झालं होतं.

रिचर्ड अॅव्हेडनचा प्रवास याच्या नेमका उलटा. फॅशनच्या दुनियेत नाचत्या-पळत्या मुलींचे फोटो त्यानं रोलीफ्लेक्सवर काढले. पण १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातले खाणमजूर, गुराखी, हॉटेलात वाढणाऱ्या बायका यांचे फोटो काढायला त्यानं आठ बाय दहाचा लाकडी कॅमेरा घेतला. मोठ्या कॅमेऱ्यात एकदा स्लाइड घातली की दुधी काच झाकली जाते; फोटोग्राफरला मागे थांबून उपयोग नसतो. अॅव्हेडन कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहून थेट त्या माणसाच्या नजरेला नजर द्यायचा. दोघांमध्ये कॅमेरा उरतच नसे.

आणि आपल्या होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, सायकलवरून दिल्लीभर हिंडताना त्यांच्याजवळ कधी शीट फिल्मचा अवजड स्पीड ग्राफिक असे, कधी रोलीफ्लेक्स. त्यांना कुणी विचारलं असतं की या दोहोंतला श्रेष्ठ कोणता, तर मला वाटतं, त्या हसून पुढच्या कार्यक्रमाला निघून गेल्या असत्या.

स्थळपाहणी

बँकेत एक नियम होता. कागद कितीही चोख असले, तरी जागेवर जाऊन बघितल्याशिवाय सही करायची नाही. मी भाचीला तेच सांगितलं. "दोन्ही कॅमेरे दोन दिवसांसाठी उसने मिळव. वाईला जाऊ. मग ठरवू." तिच्या कॉलेजच्या एका सरांनी चार बाय पाचचा दिला, एका मैत्रिणीच्या वडिलांनी यशिका. नवरात्रात आम्ही वाईला गेलो.

पहिला दिवस मोठ्या कॅमेऱ्याचा. सकाळी सातला तिनं चौकात तिकाटणं रोवलं आणि काळ्या कापडात डोकं घातलं. मला काचेत बघायला बोलावलं. बघतो तर आमचा वाडा उलटा टांगलेला. तुळशीवृंदावन वर, कौलं खाली, आणि तुळया, खांबांवरची केळफुलं, भिंतीतले कोनाडे एवढे स्पष्ट की, मी या घरात लहानाचा मोठा झालो हे खरं वाटेना. तिनं भिंग वर सरकवलं आणि दर्शनी भिंत ओळंब्यात आली. एका फोटोला चाळीस मिनिटं लागली. माजघरात मात्र गाडं अडलं. तिकाटण्याचे पाय पसरायला जागा नाही, उजेड नाही, आणि जिन्यात तर तो खोका शिरेचना. दिवसभरात आठ शीट झाल्या, त्यातली एक वाया गेली. भिंग मिटायला विसरून तिनं स्लाइड ओढली.

दुपारी काकूला ओसरीवर बसवलं. १९६४ च्या ग्रुपमधली मुंडावळ्या बांधलेली नवरी ती हीच. भाची म्हणाली, "काकूआजी, अर्धा सेकंद अजिबात हलू नकोस हं." काकू म्हणाली, "लग्नात त्या फोटोवाल्यानं हेच सांगितलं होतं. साठ वर्षं होत आली, मी या घरातनं हलले नाही. आता तुम्हीच हलवताय." भाची कॅमेऱ्याशेजारी उभी होती. तिनं दोरी दाबली. काकू तिच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. सह्या माझ्याही होत्या.

दुसरा दिवस यशिकाचा. आदल्या दिवशीचा कॅमेरा घरात पाहुण्यासारखा वावरत होता, हा घरच्यासारखा वावरला. जिन्यात गेला, माडीवर गेला, विहिरीच्या कठड्यावर बसला. दहाच्या सुमारास काकूनं चूल पेटवली. गॅस असून ती भाकऱ्या चुलीवरच करायची. भाचीला म्हणाली, "काल मला देवासारखं बसवलंस. आज मी भाकरी थापते, तशी काढ." दोन रोल तिथंच संपले. चोवीस फोटो. काकू बोलत होती, हसत होती, विस्तव मागे ओढत होती, आणि भाची चुलीपाशी उकिडवी बसून, मान खाली घालून, हळूच खटका दाबत होती.

निकाल

पंधरा दिवसांनी फिल्म धुवून आल्या. मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला चौकाचा फोटो बघून भाचीच्या सरांनी म्हणे नुसती मान हलवली. ओसरीवरच्या काकूचा फोटोही तसाच. तिच्या डोळ्याचा भाग भिंगाखाली धरला, तर बाहुलीत अंगणाचा उजळ चौकोन दिसतो आणि त्यात काठीसारख्या दोन आकृत्या. एक भाची, एक मी. असा फोटो यशिकानं निघाला नसता, हे मान्यच करायला हवं. इमारत, डोंगर, झाड, स्वस्थ बसलेला माणूस यांचे मोजके फोटो काढायचे असतील, हाताशी वेळ असेल आणि ते पुढच्या पिढ्यांनी जवळ जाऊन न्याहाळावेत अशी इच्छा असेल, तर मोठ्या कॅमेऱ्याला तोड नाही. फिरायचं असेल, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, उजेड आणि वेळ आपल्या हातात नसेल, तर मधला घ्यावा. तोही मोबाइलसारखा उधळा नाही. बारा म्हणजे बाराच. दर वेळी विचार करावा लागतो, पण एक चुकला तर दुसऱ्याची सोय असते.

मी माझी शिफारस लिहून कळवली, अगदी जुन्या पद्धतीनं. "अर्जदारानं मीडियम फॉरमॅट घ्यावा. मोठा कॅमेरा वर्षातून दोनदा सरांकडून मागून आणावा. इमारती सांगून पाडतात, त्यांची तारीख आधी कळते. माणसांची कळत नाही."

तिनं यशिका घेतला. वाडा त्या वर्षी डिसेंबरात पडला. तिथं आता चार मजली इमारत उभी राहिली आहे. काकू साताऱ्याला दुसऱ्या मजल्यावर राहते आणि भाकऱ्या गॅसवर करते.

त्या चोवीस फोटोंतले बावीस भाचीनं छापून घेतले. उरलेल्या दोनांत एक कोरा गेला होता आणि एकात काकूनं नेमकी मान वळवली होती. भाकरी परातीत स्पष्ट आहे, बांगड्या दिसतात. पण चेहरा पुसट, नुसतं हसू पसरल्यासारखं. "हा हललाय, मामा. टाकून देते," भाची म्हणाली.

मी तो मागून घेतला. खणात आता तीन फोटो आहेत.